पोरं जेवले काय?

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या असा समितीचा फोन आला, मी हो म्हणून बसलो आणि मग आठ दिवस काही सुचेच ना. खरं सांगतो, शाळेत काय शिकवलं ते मला फारसं आठवत नाही, आठवते ते हेडसरांच्या खोलीतलं हिरवं लोखंडी कपाट. आमची १९८९ ची दहावीची बॅच. त्या कपाटाचं एक दार उघडायचं, दुसरं जाम, अन् जाम दारामागची पुस्तकं हात वाकडा करून ओढून काढावी लागायची. मराठीच्या बाईंनी नववीत मला 'मृत्युंजय' काढून दिलं, म्हणाल्या परीक्षा झाल्यावर वाच. कोण थांबते!

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही, सारं पीक पावसावर. दिवाळीनंतर घरात कापूस यायचा, माजघर छतापर्यंत भरलेलं, आम्ही भावंडं त्याच्यावरच झोपायचो. माय रात्री कंदिलाजवळ बसून कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, निवडायची. तिची शाळा चौथीपर्यंत. मी कापसात कंबरेपर्यंत रुतून मोठ्यानं वाचायचो अन् ती ऐकायची, म्हणजे मला वाटायचं की नुसती ऐकते.

कर्णासाठी मी रडलो. सूतपुत्र म्हणून त्याचा अपमान होतो तिथं तर मी पुस्तक बंद करून कापसात तोंड खुपसलं आणि तीन दिवस कुंतीच्या नावानं बोटं मोडली. त्या कादंबरीत एकट्या कर्णाचीच बाजू नाही ना, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली, शोण, शेवटी कृष्णही, ज्याचं त्याचं म्हणणं ज्याच्या त्याच्या तोंडून. मी कुंतीची पानं रागारागानं भराभर वाचून टाकून राहिलो होतो तर माय म्हणाली, "हळू वाच ना रे. लगन नाई झालं अन् पोटात लेकरू, कोनाले सांगाव तिनं? तुह्या त्या कर्णाले तरी दूध पाजनारी भेटली, हिले कोन होतं?" मी गप्प. पुस्तक वाचता वाचता पार्टी बदलावी लागते हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं, अन् तेही कवडी निवडणाऱ्या बाईकडून.

मधेच एक सांगून घेतो. पुढं मी अचलपूरला कॉलेजला शकुंतलेनं जायचो, ती नॅरोगेज गाडी, इतकी सावकाश की चालत्या गाडीतून उतरून पाणी पिऊन परत चढावं (हे थोडं वाढवून सांगितलं, पण थोडंच). त्या गाडीत 'कोसला' वाचत होतो. पांडुरंग सांगवीकरची लहान बहीण मणी देवीच्या रोगानं जाते ती पानं अंजनगाव सोडल्यावर आली. तोवर मी त्या पुस्तकावर हसत होतो, चिडत होतो, हा माणूस सरळ बोलत काऊन नाही म्हणून, अन् एकदम अशी पानं आली की मला समोरचं दिसेना. समोर टोपलीत पानाचे विडे घेऊन बसलेली म्हातारी बराच वेळ पाहून राहिली होती, शेवटी म्हणाली, "कोन गेलं बाप्पा?" मी म्हटलं बहीण. मला सख्खी बहीण नाही. तिनं माझ्या हातावर दोन पानं ठेवली अन् पथ्रोटपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ती पानं खायची हिंमत झाली नाही मला.

पण खरी गोष्ट 'धग'ची आहे आणि ती मी आजवर कोणाला सांगितली नाही. उद्धव शेळक्यांची कादंबरी, १९६० ची. दहावीत त्याच जाम दारामागून काढली. तोवर मला वाटायचं की पुस्तकातली माणसं पुण्या-मुंबईसारखंच बोलतात, दुःख झालं की शुद्ध बोलतात. यात तर कौतिक माझ्या मायसारखी बोलून राहिली. मजुरी करते, नवरा महादेव बिनकामाचा, मग त्याला महारोग, अन् ही बाई सगळ्यांच्या पोटाचं पाहत राहते. मला मोठ्यानं वाचताना लाज वाटू लागली, जसं काही मी मायसमोर तिचीच नक्कल करून राहिलो. तिला मात्र त्यात काही नवल वाटलं नाही. कौतिकच्या हालाअपेष्टांवर ती कधी रडली नाही. मी पान उलटायला थांबलो की एकच विचारायची, "अन् मंग? पोरं जेवले काय?"

दर वेळी. महादेव निघून गेला, पोरं जेवले काय. कौतिक तापानं पडली, पोरं जेवले काय. पुस्तकात ते लिहिलेलं नसलं तर मी माझ्या मनानं भाकर वाढायचो.

शेवटची पानं मी दुपारी धुऱ्यावर बसून एकट्यानं वाचून काढली. काय होतं ते ज्यांनी वाचलं त्यांना माहीत. रात्री माझ्यानं ते वाचून दाखवणं झालं नाही. पुस्तक उघडं धरलं, डोळे पानावर ठेवले अन् थाप मारली, की कौतिक बरी झाली, तिचा पोरगा नामा शिकला, मास्तर झाला, त्यानं मायला पक्कं घर बांधून दिलं. मायनं हातातलं बोंड खाली ठेवलं. "बरं झालं व माय," म्हणाली, अन् कंदील बारीक केला.

पुस्तक दुसऱ्या दिवशी परत केलं, बाईंनी विचारलं कसं वाटलं, मी म्हटलं ठीक आहे.

माय आता थकली, ऐकू कमी येते. मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो, ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, तर मधेच म्हणाली, "तो कौतिकचा नामा रे. रिटायर झाला असन ना आता?"

"झाला ना केव्हाचा."

"पेन्शन भेटते काय त्याले?"

"भेटते," मी म्हटलं.