श्पार्गेलच्या ताटाशेजारी सिल्वानरच हवी

जर्मन व्हाइट वाइन म्हटलं की जो तो रीसलिंगचंच नाव घेतो, मलाही ती आवडते, पण मे महिन्यात जर्मनीत जेवायला बसलात आणि समोर पांढरा अ‍ॅस्परॅगस, म्हणजे तिकडचा श्पार्गेल आला, तर प्लीज ड्राय, म्हणजे गोड नसलेली, सिल्वानर मागवा, याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन. त्यातही फ्रांकेनमधली, म्हणजे बव्हेरियाच्या उत्तर भागातली. अगदी मनापासून सांगतेय.

मी पहिल्यांदा श्पार्गेल खाल्ला तेव्हा सोबत ओकच्या पिंपात मुरवलेली कुठलीशी दणकट वाइन होती, पहिल्याच घोटाला तोंडात गंजकं पाणी गेल्यासारखी चव आली आणि मला वाटलं बाटलीच खराब निघाली. बाटली चांगली होती, जोडी चुकली होती. अ‍ॅस्परॅगसमधे गंधकाची संयुगं असतात, त्यांचं ओकशी आणि टॅनिनशी, म्हणजे वाइनमधल्या तुरट घटकांशी, अजिबात पटत नाही, सगळं कडवट होऊन जातं. सिल्वानरचा आंबटपणा रीसलिंगपेक्षा मऊ, वास हलका, थोडा नाशपतीचा, थोडा ओल्या गवताचा. ती ताटातल्या पदार्थाला दाबत नाही.

पुढे फ्रांकेनमधल्या व्युर्त्सबुर्ग शहरात एका मैत्रिणीकडे राहिले होते, तिने श्पार्गेल सोलायला शिकवलं. शेंड्याच्या थोडं खालून सुरुवात करायची, बुडाकडे साल जाड काढायची, नाहीतर दातात दोरे येतात. साली टाकायच्या नाहीत, मीठ, चिमूटभर साखर आणि बटर घालून त्या उकळायच्या आणि त्याच पाण्यात दांडे शिजवायचे. वर हॉलंडेज, म्हणजे अंड्याचा बलक आणि बटरचा सॉस, बाजूला उकडलेले बटाटे आणि हॅम. त्या सॉसचा बटरी जाडपणा जिभेवर बसलेला असताना थंडगार सिल्वानरचा घोट घेतला ना, की तोंड एकदम स्वच्छ होतं आणि पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो. फ्रिजमधून काढून पाच-दहा मिनिटं थांबा, १० डिग्रीच्या आसपास ती छान खुलते.

बाटली ओळखायला सोपी, चपटी आणि गोलसर, तिला बॉक्सबॉइटल म्हणतात. लेबलवर ‘ट्रोकन’ लिहिलंय ना बघा, म्हणजे ड्राय. कायद्याने त्यात लिटरमागे ९ ग्रॅमपर्यंत साखर चालते, तीही आंबटपणा तेवढा असेल तरच, पण फ्रांकेनची जुनी पद्धत ४ ग्रॅमच्या आतली आणि माझ्या मते श्पार्गेलला तीच खरी. सिल्वानरची द्राक्षं फ्रांकेनमधे १६५९ मधे कास्टेल गावात लावल्याची नोंद आहे, मूळ वेल ऑस्ट्रियाकडून आलेली. व्युर्त्सबुर्गच्या आसपासची जमीन शिंपल्यांच्या चुनखडीची, मुशेलकाल्क, आणि तिथल्या वाइनमधे शेवटी एक खारट, खडूसारखी छटा येते ती मला फार प्रिय आहे.

बाकी पदार्थांत ट्राउट मासा, बटरमधे परतलेला, डोळे झाकून. माइन नदीकाठचे मेफिशली, छोटे तळलेले मासे, डोक्यासकट खायचे, त्यांच्यासोबतही मस्त. ब्लाउए त्सिप्फेल म्हणजे कांदा, तमालपत्र आणि व्हिनेगरच्या पाण्यात शिजवलेले सॉसेज, त्यात व्हिनेगर असल्यामुळे मला जरा शंका होती, पण तिथले लोक सिल्वानरच घेतात आणि खाऊन बघितल्यावर पटलं, कांदा शिजून गोड झालेला असतो तो दोघांना जोडून घेतो. साउअरब्रातनसारख्या गडद सॉसवाल्या बीफला मात्र नको, बिचारी बुडून जाते.

आणि व्युर्त्सबुर्गला गेलात तर संध्याकाळी जुन्या पुलावर जा. लोक ग्लासचं डिपॉझिट भरून वाइन घेतात आणि दगडी कठड्याला टेकून उभे राहतात, समोर मारिएनबेर्गचा किल्ला, त्याच्या उतारावर द्राक्षमळे. मी तिथे दीड तास नुसती उभी होते, खायला काहीही नव्हतं, आणि तरी दुसरा ग्लास घेतला.

२४ जूनला, योहानिसटागला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, श्पार्गेलचा सीझन संपतो. उरलेल्या बाटल्या मी ट्राउटसाठी ठेवते.