ऑटिझमचं दिव्यांग प्रमाणपत्र काढताना

माझा मुलगा सात वर्षांचा, ऑटिस्टिक. त्याचं प्रमाणपत्र काढायचं ठरलं तेव्हा सासरे म्हणाले, "पोराच्या नावावर शिक्का कशाला मारून घेताय?" मी म्हटलं, "बाबा, तो आहे तसाच राहणार आहे. कागद शाळेसाठी आणि सरकारसाठी." २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमची नोंद आहे, पण दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त आल्याशिवाय बऱ्याच सवलती मिळत नाहीत.

सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर प्रमाणपत्राचा अर्ज भरून झाला. धास्ती होती ती सिव्हिलच्या गर्दीची. म्हणून आदल्या दिवशी मी एकटी जाऊन फोटो काढून आणले: गेट, केसपेपरची खिडकी, बाक, जिना, तपासणीची खोली आणि शेवटी आमच्या घराचं दार. रात्री ते त्याच क्रमाने त्याला दाखवले. कुठे जायचं आणि कधी संपणार हे कळलं की त्याची निम्मी घालमेल थांबते. रांगेत कानांवर हेडफोन लावून तो स्वतःच मोबाइलवर पुढचा फोटो सरकवत होता.

मानसशास्त्रज्ञ ताईंनी 'इसा' ही ऑटिझम किती आहे ते मोजणारी चाचणी घेतली. ही आपल्याकडेच तयार झालेली. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७०च्या खाली ऑटिझम धरत नाहीत, १०७ ते १५३ म्हणजे मध्यम. आमचा मध्यम आला. इथेच आईबापांची जीभ अडखळते, "हल्ली बराच सुधारलाय" असं तोंडावर येतं. ताई म्हणाल्या, "चांगल्या दिवसाचं नको, रोजचं सांगा." मी वही उघडली. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली जातो. लेबल कापल्याशिवाय शर्ट घालत नाही. तहान लागली की माझा हात धरून माठापाशी नेतो. अशी वही प्रत्येकाने ठेवावीच, ऐनवेळी काही आठवत नाही. एसटीच्या पाट्या बघून तो अक्षरं शिकला, हेही मी सांगितलं. त्याला फॉर्मात रकाना नव्हता, तरी ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मला ते फार बरं वाटलं.

प्रमाणपत्र मिळालं, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नंतर आलं. आता नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेच्या निरामय आरोग्य विम्याचा अर्ज केलाय. एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे, आधी वैद्यकीय तपासणी मागत नाहीत आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. स्पीच थेरपीचं बिल दर महिन्याला भरणाऱ्या घरांनी तो अर्ज लांबणीवर टाकू नये.