बास क्लेफने अडवलं तेव्हा

फोंड्याला आमच्या देवळात भजनाला मी गेली अकरा वर्षं पेटी वाजवते, त्यामुळे मुलीसोबत पियानोच्या क्लासला नाव घातलं तेव्हा पट्ट्या नव्या नव्हत्या. पेटीची पांढरी एक म्हणजे पियानोचा सी, काळी एक म्हणजे सी शार्प, एका दिवसात जुळलं. उजवा हात, चार बीटचा म्हणजे चार मात्रांचा बार (कागदावरचा एक खण), ते पण पटापट झालं.

अडलं बास क्लेफला. क्लेफ म्हणजे सूर लिहायच्या पाच रेघांच्या सुरुवातीची खूण, कुठली रेघ कुठला सूर ते ती सांगते; ट्रेबल वरच्या सुरांची, उजव्या हाताला, बास खालच्या सुरांची, डाव्या हाताला. याचा राग मला अजून आहे, कारण चार महिने नुसता उजवा हात आणि ट्रेबल क्लेफ, डाव्याचं विचारलं की "पुढे बघू", आणि पाचव्या महिन्यात एकदम दोन्ही हातांचं पान समोर. पाच रेघा त्याच, पण ट्रेबलमध्ये सगळ्यात खालची रेघ ई आणि बासमध्ये तीच जी! चार महिन्यांची सवय, डोळे तिथे पण ई च वाचणार ना? त्यात पेटीवाल्यांचा डावा हात जन्मभर भात्यावर, माझा तर दर बारला उठून मागे भाता शोधायला जायचा. बोटांचे नंबर दोन्ही हातांना तेच, अंगठा 1 करंगळी 5, म्हणजे सी पासून जी पर्यंत चढताना उजवा 1 ते 5 आणि डावा 5 ते 1. मुलगी हसून हसून स्टूलवरून पडायची बाकी होती.

रेघांची नावं लक्षात राहावीत म्हणून पाठ करायला दिलेली इंग्लिश वाक्यं काही डोक्यात राहीनात. मग एका शुक्रवारी म्हापशाचा बाजार करून येताना बसमध्ये सुचलं: गणूने बाजारात दोन फणस आणले. जी, बी, डी, एफ, ए, खालून वर पाच रेघा! क्लेफच्या दोन टिंबांच्या मधली रेघ एफची, म्हणजे फणसाची, तिथून मोजा.

शेजारचे अंकल लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फा (डो-रे-मी) शिकलेले, त्यांनी दहा मिनिटांत दाखवलं की ट्रेबलच्या खालच्या छोट्या रेघेवरचा सी आणि बासच्या वरच्या छोट्या रेघेवरचा सी एकच पट्टी. क्लासने हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. तुम्ही शिकत असाल तर तिथूनच दोन्हीकडे मोजत जा, आणि डावा हात पहिल्या आठवड्यापासून मागून घ्या.

हां, पेटीवाल्यांनो, सा आपण गाणाऱ्याप्रमाणे काळी चारला पण धरतो, कागदावरचा सी हलत नाही, त्याला सा म्हणू नका.

परवा दोन्ही हातांनी अख्खं पान वाजवलं. डावा एकदाही उठला नाही.