आरव्हीचा ब्रेकर पडतोय? आधी घड्याळ बघा

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन फिरणाऱ्या मराठी मंडळींचा हा ठरलेला घोळ. वर एसी चालू, गॅस वाचवायचा म्हणून गिझर विजेवर, आणि चहासाठी कुणी मायक्रोवेव्ह लावला की खट्! सगळं गुडुप. यात बिघाड काहीच नसतो, हिशोब चुकलेला असतो. ३० अँपिअरचं कनेक्शन म्हणजे १२० व्होल्टवर जास्तीत जास्त ३,६०० वॉट. छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी १२ ते १५ अँपिअर ओढतो, गिझरचं १,४४० वॉटचं एलिमेंट १२, मायक्रोवेव्ह आणखी १२-१३. शिवाय बॅटरी उतरलेली असेल तर ती चार्ज करणारा कन्व्हर्टर गुपचूप पाच-सात अँपिअर खातो, तो कुणी मोजतच नाही. गिझर गॅसवर टाका, बहुतेकदा भांडण तिथेच मिटतं.

एवढं करूनही पडतोय? मग किती वेळाने पडतो ते बघा. चालू करताक्षणी पडला तर शॉर्ट. दहा-वीस मिनिटं चालून पडला तर लोड जास्त आहे, नाहीतर एखादा सैल जोड तापतोय. गाडी जिथे लावली त्या कॅम्पग्राउंडच्या वीज देणाऱ्या खांबावरचाच ब्रेकर पडत असेल आणि आत लोड बेताचा असेल, तर खांबावरचा ब्रेकर किंवा सॉकेट झिजलेलं असू शकतं. प्लगच्या पिना काळवंडल्या असतील तर वाद न घालता दुसरी जागा मागून घ्या. सॉकेटमध्ये व्होल्टेजही मोजा. १०५ च्या खाली असेल तर एसी लावू नका. कमी दाबावर कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि ब्रेकर पाडतो.

दोषी शोधायचा तर आतले सगळे ब्रेकर बंद करा, मेन चालू करा, मग एकेक चढवत जा. पडलेल्या ब्रेकरचा दांडा मधेच अडकलेला असतो, तो आधी पूर्ण ऑफकडे दाबल्याशिवाय ऑन होत नाही. आतला मेन बंद असतानाही खांबावरचा पडला तर दोष केबलमध्ये किंवा मेनपर्यंतच्या वायरिंगमध्ये आहे.

गिझरचा ब्रेकर सापडला तर संशयित एकच. हिवाळ्यासाठी टाकी रिकामी केलेली असते, वसंतात कुणीतरी पाणी न भरताच स्विच दाबतो आणि एलिमेंट जळतं. वीज तोडून एलिमेंटच्या दोन्ही वायरी काढा. दोन टोकांमध्ये मल्टिमीटरने साधारण १० ओहम यायला हवेत. आता एक प्रोब टोकावर, दुसरा टाकीच्या पत्र्यावर. इथे काहीही रीडिंग आलं तर एलिमेंट बॉडीला लागलंय, बदला. नवीन बसवल्यावर गरम पाण्याचा नळ हवा न सोडता अखंड वाहू लागेपर्यंत स्विचला हात लावायचा नाही.

पॅनेल उघडण्याआधी केबल खांबावरून उपटा, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद करा, मग मल्टिमीटरने खात्री करा. भारतात हात बसलेल्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: आपल्याकडे काळी वायर न्यूट्रल, इथे काळी म्हणजे फेज. न्यूट्रल पांढरी, अर्थिंग हिरवी किंवा उघडी तांब्याची. रस्त्याच्या हादऱ्यांनी ब्रेकरचे आणि न्यूट्रल पट्टीचे स्क्रू ढिले होतात. वायरचं इन्सुलेशन तपकिरी पडलं असेल तर तेवढा भाग कापून नवं टोक सोला आणि लेबलवर दिलेल्या टॉर्कनेच आवळा.

आणि पडतो म्हणून १५ च्या जागी २० चा ब्रेकर? अजिबात नाही. १४ गेजच्या वायरला १५, १२ गेजच्या वायरला २०. ब्रेकर मोठा केला तर वायर भिंतीच्या आत तापेल, आणि आरव्हीच्या भिंती प्लायवुड-फोमच्या असतात.

घरी गॅरेजच्या सॉकेटला अडॅप्टरने जोडल्यावरच पडत असेल तर तो बहुधा जीएफसीआय, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा सॉकेट, असतो. त्याला ५ मिलिअँपिअरची गळतीही पुरते. आधी गिझर आणि फ्रिजचं हीटिंग एलिमेंट तपासा. ती निर्दोष निघाली तर पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग कुणी एकत्र जोडलेत का ते बघा. आरव्हीत या दोन पट्ट्या वेगळ्याच असायला हव्यात.