आत्तींना मागे बसवून उचगाव ते बेळगाव

गुडघ्यांच्या व्यायामासाठी आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आठवड्यातून दोन-तीनदा बेळगावला न्यावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा घरात पहिला विषय निघाला बसचा. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसचं तिकीट नाही. सोय मोठीच, पण त्यामुळं सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. पायऱ्या उंच. गुडघा दुमडताना ज्यांच्या डोळ्यांत पाणी येतं त्यांनी दांडीला लोंबकळत वाटेतल्या हिंडलग्यापर्यंत उभं राहायचं म्हणजे कठीणच. रिक्षा दर वेळी परवडत नाही. नवऱ्याची कामाची पाळी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, तो उजाडायच्या आत बाहेर. राहिले मी आणि माझी २०२० सालची अ‍ॅक्टिव्हा.

मागं माणूस घेऊन चालवायची मला सवय होती. पोरांना शाळेत सोडते, बहिणीला स्टँडवर नेते. पण आत्तींचं सगळंच वेगळं. वजन माझ्यापेक्षा जास्त, नेसण सहावारी, आणि बसणं एका अंगाला. नऊवारी नेसणाऱ्या आमच्या आजेसासूबाई म्हणे बिनधास्त दोन्हीकडं पाय टाकून बसायच्या. सहावारीत ते जमत नाही. जमलं असतं तरी गुडघ्यामुळं पाय उचलून पलीकडं टाकणं आत्तींना शक्य नव्हतं. वाटेतलं सुळगा गाव यायच्या आतच मागून आवाज आला, "मला ढकलूलालीस काय गं?" मी तर अगदी सावकाश चालवत होते.

यावर मला सल्ले खूप मिळाले. हळू चालव, जपून चालव, ब्रेक हळू दाब. सगळे सल्ले चालवणारीला. मागे बसणाऱ्या बाईला काय होतंय हे कुणी विचारत नव्हतं, आणि आत्तींना ते नेमकं सांगता येत नव्हतं. मग एका रविवारी मी साडी नेसले, नवऱ्याच्या हातात किल्ली दिली आणि आत्तींच्या जागी एका अंगाला बसून त्याच रस्त्यानं बेळगावला जाऊन आले. गल्लीतल्या बायका हसल्या. हसू देत. मला जे काही कळलं ते त्या एका फेरीत.

सगळ्यात आधी कळला तो हंप, म्हणजे स्पीडब्रेकर. आपण चालवतो तेव्हा पुढचं चाक हंपवरून उतरलं की काम झालं असं वाटतं आणि मूठ पिळली जाते. पण मागं बसलेल्या माणसाचा हंप तेव्हा यायचाच असतो. ती बसलेली असते जवळजवळ मागच्या चाकावर, आणि दोन चाकांत सव्वा मीटरचं अंतर. पुढचं उतरतं, मागचं चढतं, आणि नेमकं त्याच वेळी गाडी पुढं ओढ घेते. खालून दणका, पुढून झटका, दोन्ही एकदम. एका अंगाला बसलेल्या बाईला तो झटका आडवा लागतो, म्हणजे पाठीला नाही, कुशीला. आत्ती ज्याला ढकलणं म्हणत होत्या ते हेच. आता मी हंपच्या आधीच वेग कमी करते, चाक चढताना ब्रेक सोडून देते, आणि मागचं चाक उतरल्याचं अंगाला कळेपर्यंत मुठीला हात लावत नाही.

दुसरं, एका अंगाला बसलं की पुढचं काही दिसत नाही. डाव्या हाताची शेतं दिसतात, रताळ्याचे वेल दिसतात, हिंडलग्याच्या जेलची भिंत दिसते, पण समोरचा खड्डा दिसत नाही. चालवणारी खड्डा बघते आणि तिचं अंग आपोआप सावध होतं. मागचीला खड्डा पडल्यावर कळतो. मी नवऱ्याला म्हटलं, तू मला नुसतं सांगत जा. तेव्हापासून मी बोलत चालवते. "आत्ती, हंप." "ब्रेक मारते." "डावीकडं वळूया." बाजूनं जाणाऱ्यांना वाटत असेल ही फोनवर बोलते. दोन शब्दांनी जेवढा फरक पडला तेवढा महागड्या सीटनंसुद्धा पडला नसता.

तिसरी गोष्ट गाडीचीच होती. खड्ड्यातून गेल्यावर मागचा भाग एकदा दबून गप्प बसायला हवा, तो वरखाली नाचत होता. हे घरी तपासता येतं. मागची कडी धरून दोन्ही हातांनी जोरात खाली दाबायचं आणि सोडायचं. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा झुलली तर शॉकअप, म्हणजे मागचे दणके झेलणारा स्प्रिंगचा दांडा, संपला. टिळकवाडीतल्या आमच्या मेकॅनिकनं बोट फिरवून दांड्यावरचा तेलाचा काळा थर दाखवला. "तेल बाहेर आलंय बघा वैनी. आता ह्यात नुसती स्प्रिंगच राहिल्या."

नवा शॉकअप घातला. या गाडीला मागं एकच असतो, डाव्या बाजूला, आणि त्याला तीन खाचा असतात. पाना लावून खाच वर घेतली की स्प्रिंग आधीच थोडी दाबलेली राहते. स्प्रिंग त्यानं कडक होत नाही, पण मागं वजन आलं तरी गाडी फार बसत नाही आणि खड्ड्यासाठी खाली जागा शिल्लक राहते. मेकॅनिक थेट वरच्या खाचेत टाकायला निघाला होता. मी मधल्या खाचेत ठेवायला लावलं, कारण आठवड्यातले बाकीचे दिवस मी एकटीच असते आणि वरच्या खाचेत एकटीला ती गाडी बकऱ्यासारखी उडवते. त्याच फेरीत त्यानं इंजिनाच्या बुशा आणि हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, हलवून बघितला. कोनसेट ढिला असेल तर मागं माणूस बसल्यावर हँडल जास्त वळवळतं. आमचा बरा निघाला.

हवेचं मात्र मी कुणावर सोडत नाही. पंपावरचा पोरगा दोन्ही चाकांत तीस-तीस भरून मोकळा होतो. कंपनीचं सांगणं वेगळं आहे: पुढं २२, मागं एकटं असताना २९ आणि मागं माणूस असेल तर ३६ पीएसआय. २९ वर आत्ती बसल्या की मागचं टायर चपटतं आणि वळणावर गाडी पोहल्यासारखी वाटते. उलट ३६ भरून एकटीनं फिरलं की प्रत्येक खडा कळतो. म्हणून दवाखान्याच्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, गावातल्याच पंक्चरवाल्याकडून भरून घेते. आकडे डिकीच्या झाकणाला आतून चिकटवले आहेत, नाहीतर दर वेळी वाद.

गाडी शंभर किलोच्या थोडी वर, आणि आम्ही दोघी मिळून तिच्यापेक्षा जड. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप समजतं. निम्म्याहून जास्त वजन जिवंत आहे, हलतं आहे, आणि त्यातला मोठा भाग मागच्या चाकावर आहे. पुढचं चाक हलकं होतं, हँडल नको तेवढं सैल वाटतं. त्यावर उपाय सोपा निघाला: आत्तींनी माझ्याकडं सरकून बसायचं. आधी त्या सुनेला चिकटायचं कशाला म्हणून मधे वीतभर जागा सोडून, पार मागच्या कडीपाशी टेकायच्या, आणि तेही सीटच्या कडेवर. पाय डावीकडं, वजन डावीकडं, म्हणून मी नकळत उजवीकडं कलून चालवायचे आणि घरी येईपर्यंत माझी कंबर धरायची. आता त्या पूर्ण आत सरकून, कंबर सीटच्या मधोमध आणि गुडघे थोडे पुढच्या बाजूला वळवून, तिरक्या बसतात. उजवा हात माझ्या कमरेला. खांद्याला नाही, कारण खांदा धरला की त्यांच्या प्रत्येक हिसक्याबरोबर माझा हात हलतो आणि हातातलं हँडलही. डावा हात त्यांच्या मांडीशेजारच्या कडीला.

पाय लोंबकळत होते हेही त्या रविवारीच कळलं. पायाला टेकण नसेल तर माणूस सगळा भार हातावर घेतो. गाडीचा दुमडता फूटरेस्ट दोन्हीकडं पाय टाकून बसणाऱ्यासाठी. एका अंगाला बसलेल्या बाईचा फार तर एक पाय त्यावर राहतो. डाव्या बाजूला लेडीज फूटरेस्टची पट्टी आणि साडी गार्ड दोन्ही बसवून घेतलं. मोटार वाहन नियमांत १२३ व्या नियमात या तीन गोष्टी लिहिलेल्याच आहेत: धरायला कडी, पाय ठेवायला फूटरेस्ट, आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून निम्मं चाक झाकणारं गार्ड. दुकानात साडी गार्डला ॲक्सेसरी म्हणून वर पैसे लावतात तेव्हा हे सांगून बघा, गंमत येते. गार्ड असलं तरी पदर कमरेला खोचूनच बसायचं, यात आमच्याकडं सवलत नाही.

सीटचं रेक्झिन गुळगुळीत होतं, ब्रेक लागला की आत्ती माझ्यावर घसरायच्या. जाळीचं कव्हर घातलं, घसरणं थांबलं. त्यांना उशी हवी होती. उशीनं माणूस उंच होतो आणि उशी स्वतःच सरकते, म्हणून ती काही मी घेऊ दिली नाही. थोडे दिवस रुसवा झाला.

हेल्मेटवर आमचं जास्त वाजलं. कर्नाटकात मागं बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती २०१६ पासून आहे, आणि चन्नम्मा सर्कलला पोलीस असले की सगळ्यांना ती आठवते. आत्तींचा अंबाडा हेल्मेटमधे मावेना. शेवटी त्या दिवशी वेणी घालायची असं ठरलं. आयएसआय शिक्क्याचं, वजनाला हलकं, पुढून उघडं हेल्मेट घेतलं. बंद तोंडाच्या हेल्मेटमधे त्यांचा जीव घाबरतो. सुरुवातीला ब्रेक लागला की त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्कन आपटायचं. आपण ब्रेक कसा मारतो ते त्या आवाजावरून कळतं, ही त्यातली सोय. डावा ब्रेक दाबला की या गाडीत पुढचाही थोडा लागतो, म्हणून लांबूनच डाव्यानं सुरुवात करायची आणि उजवा हळूच मिळवायचा. आता टक्क क्वचितच ऐकू येतं.

चढणं-उतरणं ही वेगळीच भानगड होती. सीट जमिनीपासून अडीच फुटांवर, आत्तींना उडी मारता येत नाही. आमच्या दाराची पायरी बरोब्बर उंचीची, पण गाडी रस्त्याकडं तोंड करून लावली की ती उजव्या हाताला येते आणि आत्ती बसणार डावीकडून. म्हणून गाडी अंगणात उलटी लावायची. मी आधी बसते, दोन्ही पाय जमिनीला, दोन्ही ब्रेक दाबलेले, आणि "बसा" म्हटल्याशिवाय त्यांनी हात लावायचा नाही. डबल स्टँडवर गाडी ठेवून बसवा असं शेजाऱ्यांनी सुचवलं होतं, पण मग एवढ्या वजनासकट स्टँडवरून पुढं ढकलताना गाडी दाणकन उतरते. दवाखान्याबाहेर पायरी नाही, फूटपाथची कडा आहे; रिक्षावाले तिथं उभे असतात, पण आत्तींना बघून हल्ली जागा करून देतात.

निघाल्यावर पहिले चार फूट सगळ्यात डगमगतात. पाय लगेच वर घ्यायचे नाहीत, गाडीनं थोडी गती धरली की घ्यायचे.

रस्त्याचं म्हणाल तर एक गोष्ट एकटं चालवणाऱ्याच्या लक्षात येतच नाही: एका अंगाला बसलेल्या माणसाचे पाय गाडीबाहेर असतात. माझी गाडी डाव्या बाजूनं हातभर रुंद झालेली असते. गणपत गल्लीत दोन उभ्या गाड्यांच्या मधून एकटी सुळकन निघते तिथून आत्तींना घेऊन जायचं नाही. मंगळवारी-शुक्रवारी आमच्या गावच्या मळेकरणी देवीच्या गर्दीत तर नाहीच. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, त्यांना ओलांडायचा मोह मी सोडून दिला आहे. मागं राहिलं तर फार तर पाच-दहा मिनिटं जातात. येताना भाजीची पिशवीही पुढच्या हुकाला अडकवत नाही. मागं एवढं वजन असताना हँडलजवळ झोके घेणारी मेथी नको. ती डिकीत.

आता आत्ती वाटेत गप्पा मारतात. आधी फक्त देवाचं नाव घ्यायच्या.

पावसाचं मात्र जमलेलं नाही. झुलता रेनकोट चाकाकडं उडतो, शर्ट-पँटचा घालायचा तर साडी कुठं कोंबायची हा प्रश्न, आणि शेतातून आलेल्या ट्रॅक्टरांनी सुळग्याजवळ रस्त्यावर चिखल आणून टाकलेला असतो. जुलैत झड लागली की मी सरळ दवाखान्यात फोन करते आणि वेळ पुढची मागून घेते.