सोलापूरहून फ्लाइंग स्कूल बघायला: कलबुर्गी आणि बारामती

लेकीची बारावी झाली. फिजिक्स-मॅथ्सला मार्क चांगले पडले आणि पायलटच व्हायचं हे तिचं आठवीपासूनचं म्हणणं कायम राहिलं. तेव्हा घरात एवढंच ठरलं की, फोनवरच्या गोड बोलण्यावर कुणाला पैसे द्यायचे नाहीत, आधी जागेवर जाऊन बघायचं. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली, २०२५ मध्ये सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोवा आणि मुंबईची विमानं सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडच्या पोरांचं या क्षेत्राकडे लक्ष वाढलंय. मला विचारणारेही बरेच आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रवासाआधी मेडिकल. क्लास टू ही पायलटची सुरुवातीची वैद्यकीय तपासणी. ती डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) यादीतल्या डॉक्टरांकडेच होते. आम्ही पुण्यात करून घेतली. चष्मा असला म्हणून घाबरू नका, चष्म्यासह नजर नीट असली की चालतं. रंग ओळखण्यात दोष निघाला तर मात्र गाडी तिथेच अडते. कमर्शियल लायसन्सला, म्हणजे पायलटची नोकरी करायला लागणाऱ्या परवान्याला, क्लास वन ही वरची तपासणी लागते. माझं तर म्हणणं आहे, तीही फी भरण्याआधीच करून घ्या. ५० लाखांच्या आसपासचा व्यवहार आहे हा. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बहुतेक बँका तारण मागतात, म्हणजे घर नाहीतर शेत गुंतणार.

कलबुर्गी आपल्याला सोयीचं. वाडीकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर करत साधारण दोन तासांत पोहोचता. विमानतळ गावाबाहेर श्रीनिवास सरडगीजवळ आहे. रिक्षावाल्याशी येण्या-जाण्याचं आधीच ठरवा, परतीला तिथे रिक्षा मिळणं कठीण. संस्थेला आधी कळवून नावं द्यायला लागतात आणि आधार कार्ड जवळ हवं, नाहीतर फाटकावरूनच परत यावं लागेल. धावपट्टी तीन किलोमीटरपेक्षा लांब आहे आणि प्रवासी विमानांची वर्दळ फारशी नाही, त्यामुळे शिकाऊ विमानांना वाव मिळतो. आमच्या घरी कन्नड बोलतात, त्यामुळे मेसवाल्या मावशींकडून जेवणाची आणि मुलींच्या राहण्याची खरी माहिती मिळाली. ती कुठल्याच माहितीपत्रकात नसते.

बारामतीला मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर असं रस्त्यानेच गेलेलं बरं. रेल्वेने दौंडला गाडी बदलण्यात वेळ जातो. तिथला विमानतळ एमआयडीसीच्या बाजूला आहे आणि शिकाऊ विमानांची वर्दळ बरीच. २०२३ च्या ऑक्टोबरात याच भागात चार दिवसांत एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमानं कोसळली होती आणि डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण काही काळ थांबवलं होतं. हे घाबरवायला सांगत नाही. पण संस्था कुठलीही असो, मागच्या अपघातांबद्दल आणि त्यानंतर काय बदललं याबद्दल समोरासमोर विचारा. तो आपला हक्क आहे. चिडून उत्तर मिळालं तर त्यातूनही बरंच कळतं.

आता मुद्द्याचं. आम्ही जाताना फी, होस्टेल, नोकरीची हमी अशी यादी घेऊन गेलो होतो. चहाच्या टपरीवर सांगलीकडचा एक मुलगा भेटला. म्हणाला, “काकू, ते सगळं राहू द्या. हे माझं लॉगबुक बघा.” लॉगबुक म्हणजे उड्डाणाच्या तासांची नोंदवही. त्याने महिन्यामहिन्याचे तास दाखवले. कुठे अठरा, कुठे सात, एका महिन्यात दोनच.

कमर्शियल लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं. त्यातले १०० तास स्वतः विमानाचा ताबा घेऊन; शिवाय ३०० नॉटिकल मैलांचा एक लांबचा पल्ला, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीचे ५ तासही त्यातच हवेत. महिन्याला २० तास मिळाले तर दहा महिने, १० मिळाले तर वीस. त्या जादा दहा महिन्यांचं होस्टेल, मेस आणि कर्जाचं व्याज आपल्याच खिशातून जातं, आणि घरी बसल्यासारखं झालेलं पोर खचतं ते वेगळंच.

म्हणून विमानं किती, हा प्रश्न अपुरा आहे. आज उडण्याजोगी किती, प्रशिक्षक किती आणि विद्यार्थी किती, हे तिन्ही विचारा. ही विमानं दर ५० आणि १०० तासांनी तपासणीला जातात, त्यामुळे काही कायम हँगरमध्येच असतात. एका ठिकाणी (नाव आणि गाव मुद्दाम लिहीत नाही) कागदावरची संख्या आणि सकाळी बाहेर उभी असलेली विमानं यांचा मेळच बसेना. दोन इंजिनांचं विमान स्वतःचं आहे का, हेही विचारा. नसेल तर त्या विमानावरच्या तासांसाठी दुसरीकडे पाठवतात.

डीजीसीएने १ ऑक्टोबर २०२५ पासून संस्थांची क्रमवारी सुरू केली आहे, वर्षातून दोनदा निघते. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती. तेव्हा “आम्ही देशात अव्वल” असं कुणी म्हणालं की त्यांची श्रेणी तपासा.

फी एकरकमी भरू नका. जितके तास होतील तितके हप्ते, आणि सोडावं लागलं तर परतावा किती, हे लेखी घ्या. “तोंडी चालतं हो” म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

हवामानाचं एक. आपल्या पट्ट्यात पाऊस कमी, त्यामुळे उडायचे दिवस बरे मिळतात. पण एप्रिल-मे मध्ये दुपारी जमीन तापून हवा उसळते आणि शिकाऊ विमानं हेलकावे खातात. खरं काम सकाळीच चालतं. म्हणून बघायला जाल तेव्हा आदल्या रात्री मुक्काम करा आणि सात वाजता तिथे हजर राहा. अकराला पोहोचलात तर फक्त ऑफिस बघाल.

लेकीने आता डीजीसीएच्या लेखी परीक्षेसाठी नेव्हिगेशन (मार्ग काढणं) आणि मेटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र) यांचा अभ्यास घरूनच सुरू केलाय. प्रत्येक पेपरला ७० टक्के लागतात, आणि हे पेपर पास होऊन गेलेली मुलं उडण्यावर पूर्ण लक्ष देतात, असं दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी सांगितलं. आमचा कल सध्या कलबुर्गीकडे आहे. क्लास वनचा निकाल हातात आला की अर्ज भरू.