आकसत गेलेली सिमसिटी

‘सिमसिटी’ या शहर वसवण्याच्या संगणकीय खेळाशी माझी ओळख २००३ साली आलेल्या चौथ्या भागातून झाली आणि त्यानंतरची कित्येक वर्षे मी रस्ते आखण्यात, कर कमी-जास्त करण्यात आणि तिजोरीत खडखडाट झाला की मुकाट्याने शाळांचा निधी कापण्यात घालवली. त्या भागातील सर्वांत मोठा भूखंड चार किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद असे, शिवाय शेजारी दुसरे शहर वसवून ते रस्त्याने जोडता येई. त्यामुळे मार्च २०१३ मध्ये आलेल्या नव्या ‘सिमसिटी’त दोन किलोमीटरचा चौरस पदरात पडला, तेव्हा मी पुरता हिरमुसलो.

एकट्याने खेळतानाही इंटरनेट सक्तीचे होते. सुरुवातीच्या दिवसांत सर्व्हर कोलमडले आणि खेळ विकत घेऊनही दाराबाहेर ताटकळावे लागले. ती सक्ती उठायला वर्ष गेले. एक वेळ तेही मी विसरलो असतो. मला खटकले ते वेगळेच. एका नागरिकावर नजर ठेवून मी त्याच्या मागोमाग फिरलो, तर तो सकाळी जवळात जवळ मिळेल त्या नोकरीवर गेला आणि संध्याकाळी जे रिकामे घर आधी लागले त्यात शिरला. ज्या शहरात कुणालाच स्वतःचे घर नाही, त्याचा महापौर म्हणवून घेताना मी ओशाळलो (खरे तर ओशाळण्याचे काम माझे नव्हते).

चौथा भाग अजूनही माझ्या संगणकावर आहे. गेल्या आठवड्यात त्यातल्या नदीवर मी आणखी एक पूल बांधला.